रंगाच्या बादल्यांतलं रान

इंदुबाईंच्या घरात भोगीची भाजी कधी विकत आली नव्हती. संक्रांतीच्या आदल्या दिवशी वांगी, घेवडा, गाजरं, हरभऱ्याचे घाटे असं सगळं एकत्र शिजवायचं, वर तिळाचं कूट पेरायचं, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. आणि त्यातला तुकडा न् तुकडा लोणी काळभोरच्या रानातल्या, विहिरीजवळच्या वाफ्यातला. सासूबाईंनी ते सांभाळलं, मग इंदुबाईंनी सांभाळलं. कुणाला दागिन्यांचा तोरा असतो, कुणाला पोराच्या पगाराचा. इंदुबाईंना भाजीचा होता, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही.

पण यंदाच्या उन्हाळ्यात रंगनाथरावांच्या गुडघ्यांनी हात टेकले. शेत थोरल्या भावाच्या मुलाकडे, विश्वजीतकडे कसायला दिलं आणि दोघं नवरा-बायको बिबवेवाडीला लेकाच्या फ्लॅटवर राहायला आली. गणपती झाले. एके सकाळी सून पूर्णिमा चहा गाळता गाळता सहज म्हणाली, "आई, भोगीचं टेन्शन घेऊ नका हं. हल्ली सगळ्या भाज्या चिरून, मिक्स करून पाकिटात मिळतात."

पाकिटात! इंदुबाईंना चहा गोड लागेना. सून वाईट नव्हती, तिनं काळजीपोटीच सांगितलं होतं, आणि तेच जास्त लागलं. इतकी वर्षं ज्या बाईनं गावाला भाजी वाटली, तिनं आता पाकीट फोडायचं? त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं की यंदाची भोगीही आपल्या हातच्या भाजीचीच होईल. रान नसेल तर नसेल, इमारतीला गच्ची तर आहे.

गच्चीच्या एका कोपऱ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या शकीलाभाभींचा संसार होता. त्यांचे यजमान अल्ताफभाई रंगकामाची कंत्राटं घेत, त्यामुळे रंगाच्या रिकाम्या बादल्यांना घरात तोटा नव्हता. शकीलाभाभींनी त्यांत पुदिना, मिरच्या, वांगी लावली होती. माहेर-सासर दोन्ही पुण्याच्या पेठेतलं, त्यामुळे शेताचा बांध त्यांनी फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलेला. बोलणं मात्र अस्सल पुणेरी, म्हणजे कमी आणि बरोब्बर लागेल असं.

"बादल्या हव्या तेवढ्या न्या, ताई. बुडाला भोकं पाडून घ्या. माती कुठली घालणार?"

"आमच्या रानातली. काळी."

"तशीच? नुसती?"

"मग काय फोडणी देऊन?" इंदुबाई म्हणाल्या.

"बरं," शकीलाभाभी म्हणाल्या. पुण्यात 'बरं' म्हणजे काय, हे इंदुबाईंना अजून कळायचं होतं.

विश्वजीत मार्केट यार्डात कामाला आला तेव्हा पिकअपमधून मातीची पोती टाकून गेला. पोतं सोडलं आणि तो ओळखीचा वास आला, तशी इंदुबाईंनी मूठभर माती नाकाशी धरली. त्यांनी बादल्या काठोकाठ भरल्या, दाबल्या, वांग्याची रोपं लावली, गाजर-घेवडा टोचला आणि हात झटकून खाली आल्या. आता फक्त बघत राहायचं, असं त्यांनी पूर्णिमाला सांगितलंसुद्धा.

बघण्यासारखं झालंच, पण उलटं. पाणी घातलं की वर तळं साचे, ते खाली उतरेचना. पुढे पाऊस उघडून ऊन तापलं तशी माती आवळली, तडकली आणि बादलीच्या कडेपासून सुटली. वांग्याची पानं पिवळी पडली. गाजर वर आलंच नाही. रंगनाथराव गुडघे सांभाळत एकदा गच्चीवर आले, त्यांनी एक बादली उपडी केली. अख्खा गोळा बादलीच्या आकाराचा बाहेर आला.

"वीट चांगली पडलीय," ते म्हणाले. "भट्टी लावायची का?"

इंदुबाई हसल्या नाहीत. दार लावून घेतलं आणि चक्क रडल्या. ज्या मातीत आयुष्य गेलं तीच माती परक्यासारखी वागली, याचं दुःख त्यांना रोपांपेक्षा मोठं होतं. पुढे दसऱ्यापर्यंत त्या गच्चीवर फिरकल्या नाहीत. कपडे वाळत घालायलासुद्धा सुनेला पाठवत.

पण भोगी काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हती. शेवटी दसऱ्याला सोनं द्यायच्या निमित्तानं त्यांनी शकीलाभाभींची बेल वाजवली. आपट्याची पानं हातात ठेवली, पाणी प्यायल्या, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या.

"भाभी," अखेर त्या म्हणाल्या, "माझं काय चुकलं?"

शकीलाभाभींना टोमणा मारायची चांगली संधी होती. त्यांनी ती सोडली. म्हणाल्या, "तुमचं नाही हो, जागेचं चुकलं. रानात मुळांना खाली हवं तेवढं जाता येतं. गांडुळं असतात, पाण्याला वाट असते. बादलीत त्या मातीनं जायचं कुठे? चला वर."

वर त्यांनी आपल्या वांग्याच्या बादलीत बोटं घातली. हात मनगटापर्यंत सहज आत गेला. आत वाळका पाला, स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचं खत, रसवंतीवरून आणलेली उसाची चिपाडं, आणि माती म्हणाल तर चिमूटभर.

"चिपाडात वांगी?" इंदुबाईंना राहवलं नाही. "आमी चिपाडं जाळतो, भाभी!"

"जाळत होतात. आता गोळा करा."

आणि इंदुबाईंनी गोळा केली. रसवंतीवाला पोतं भरून द्यायला एका पायावर तयार होता. रस्त्यावरचा वाळका पाला त्या पिशवीत भरू लागल्या, तेव्हा पूर्णिमानं आधी मान खाली घातली. "आई, लोक बघतात." पण पुढच्या रविवारी तीच स्कूटरच्या पायरीवर पाल्याचं पोतं घेऊन आली, आणि केसांत अडकलेलं पान तसंच ठेवून तिनं वॉचमनला दम भरला की, यापुढे पाला जाळायचा नाही, आम्हाला लागतो. इंदुबाईंनी त्या विटा फोडल्या, चाळल्या आणि प्रत्येक बादलीत फक्त मूठमूठ माती मिसळली. वांग्याची तयार रोपं शकीलाभाभींनी दिली.

या वेळी पाणी घातलं की खालून निथळायचं. रोपांनी मान वर केली. आणि मग इंदुबाईंचीही मान वर झाली, कारण पालेभाज्यांत हुशार असलेल्या शकीलाभाभींना वेल काही साधत नव्हता. घेवड्याला आधार कसा द्यायचा, शेंडा कधी खुडायचा, मावा कीड पडली तर राख कशी भुरभुरायची, गाजरं दाटली की विरळ कशी करायची, हे इंदुबाईंनी दाखवलं. थंडी पडेपर्यंत दोन्ही कोपरे वाढत वाढत एक झाले. कुठली बादली कुणाची, हे दोघींनाच ठाऊक होतं.

पहिल्या वांग्यानं जांभळा रंग धरला, त्या दिवशी इंदुबाईंनी ते नवऱ्याला दाखवलं, मुलाला दाखवलं, मीटर बघायला आलेल्या माणसालाही दाखवलं. घरात पाहुणा आला की चहाच्या आधी गच्ची. "बादलीतलं हाय," असं त्या मुद्दाम हळू सांगायच्या, म्हणजे समोरच्याला आश्चर्य करायला जागा मिळे. भोगीच्या भाजीत घालायच्या बोरांचं काय करायचं, हा प्रश्न उरला होता. तो त्यांनी परस्पर निकालात काढला. बोरं रानातसुद्धा कुणी लावत नसे, ती बांधावर आपली आपण यायची, तेव्हा ती विकतची चालतील.

भोगीच्या दिवशी सकाळी त्या भाजी तोडायला वर निघाल्या, तोच दारात थोरल्या जाऊबाई उभ्या. हौसाबाई, विश्वजीतची आई. पहाटेची बस धरून लोणीहून आलेल्या, हातात जड पिशवी.

"म्हटलं इंदू शहरात, तिला कुटली भोगी," पिशवी पुढे करत त्या म्हणाल्या. "रानातली भाजी आनलीय बघ."

इंदुबाईंना एकाच वेळी बरंही वाटलं आणि रागही आला. आपली कीव करायला ही बाई इतक्या लांब आली! त्यांनी पिशवी ओट्यावर ओतली आणि त्यांचा हात थांबला. वांगी एका मापाची, देठ सुकलेले. घेवडा रबराच्या जुडीत. गाजरं कशी स्वच्छ धुतलेली, पाल्याचा मागमूस नाही. रानातून निघालेलं गाजर कुणी धुऊन पिशवीत घालत नाही.

"आक्का, ही आपल्या वाफ्यातली?"

हौसाबाई खुर्चीवर बसल्या. पदरानं तोंड पुसलं.

"आक्का?"

"हडपसरला उतरून घेतली," त्या खाली बघत म्हणाल्या. "रानात आता समदा ऊसच हाय, इंदू. विश्वजीतनं आखाडात लावला."

"हिरीजवळचा तुकडा बी?"

"त्यो बी. तुला कुनी सांगितलं न्हाई, तुझा जीव तुटंल म्हनून. आज घरात बी इकतचीच शिजायची हाय. सुनेला म्हटलं, मी येस्तवर चूल पेटवू नगं. मन व्हईना गं."

इंदुबाईंचा जीव तुटलाच. त्या वाफ्याची माती त्यांना डोळे मिटूनही ओळखता आली असती. पण त्याच वेळी दुसरंही काहीतरी आत उठलं आणि त्याचा त्यांना क्षणभरही संकोच वाटला नाही. घरची भाजी म्हणावी अशी या घराण्यात आज एकाच ठिकाणी होती, आणि ते ठिकाण चार जिने वर होतं.

"उठा," त्या म्हणाल्या.

हौसाबाई धापा टाकत गच्चीवर पोचल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. पांढऱ्या बादल्यांवर झुकलेली वांगी, दोरीवर चढलेला घेवडा, पोत्यांत हरभरा, गाजरांचा पाला. त्यांनी वाकून एक वांगं हातात धरलं, पण देठ तोडायचं धाडस होईना.

"तोडा की! तुमच्याच हातानं तोडा," इंदुबाई म्हणाल्या. "लोणीच्या घराला पुरंल एवढं घ्या आधी. मग माझं."

"अगं, तुला काय राहील?"

"माझं मी बघते."

हौसाबाईंनी गाजर ओढलं, तेव्हा त्याला भुसभुशीत खत लागून आलं. ते त्यांनी झटकलं नाही, तसंच पिशवीत ठेवलं. मग कमरेचा मोबाइल काढून त्यांनी सुनेला फोन लावला. गच्चीवर आवाज नीट पोचत नाही म्हणून, का आनंदानं, त्या ओरडूनच बोलल्या.

"राजनंदिनी, ऐक! भाजी इकतची करू नगं. मी घरची घिऊन येते. न्हाई गं, आपल्या न्हाई. इंदूच्या रानातली!"

कोपऱ्यात पुदिना खुडणाऱ्या शकीलाभाभींनी वळून पाहिलं. इंदुबाईंनी डोळे पुसायचासुद्धा प्रयत्न केला नाही.

दुपारी पानं वाढली. एक वाटी शकीलाभाभींकडे गेली होती, उरलेली भाजी घरात चमचा-चमचा आली. पूर्णिमानं पहिला घास खाल्ला आणि मोबाइल बाजूला ठेवला. रंगनाथरावांनी भाकरीच्या दुसऱ्या चतकोराला हात घालत ताट पुढे केलं.

"वाढ की अजून. एवढीशीच?"

"संपली," इंदुबाई म्हणाल्या. "लोणीला पाठवायची होती."