सुतकातली पोथी

माझा बा दादाजी हा गावाचा पोथीवाला. सावली गावाच्या आसपास त्याच्यासारखा गळा कुणाचा नव्हता, आणि हे त्यालाही पक्कं माहीत होतं. त्रेपन्न साली वैशाखात धोंड्याचा महिना आला, तेव्हा त्यानं मारुतीच्या पारावर पोथी लावली. मी माहेरी आले होते, मीही ऐकायला बसायची. खरं सांगायचं तर मला त्यातलं काही कळत नसे, आणि बाला कळतं असंही कधी वाटलं नाही. गाडी उताराला लागली की बैल पळतात, तशा त्याच्या ओव्या पळायच्या.

पोथी अर्ध्यावर आली आणि माझ्या भावाला, लच्छूला, वाघानं मारलं.

शिकारीचा हाका होता. मचाणावर नागपूरकडचा कुणी साहेब, वाघाला वळवायला झाडांवर चढलेली गावची पोरं, आणि ढोलावर जंगलातल्या गोंडांच्या टोल्यावरचा, म्हणजे वस्तीवरचा, कोलू. हाक्याचा नियम एकच, ढोल वाजतोय तोवर झाडावरून उतरायचं नाही. बंदूक वाजली. वाघ पडला असं कोलूला वाटलं आणि त्यानं ढोल थांबवला. लच्छू खाली उतरला. वाघ नुसता जखमी झाला होता. साहेब त्याच संध्याकाळी जीपमध्ये बसून निघून गेला. त्याला शिव्या देऊन काय उपयोग, तो ऐकायला नव्हता. कोलू होता.

कोलूला गावात पाय ठेवू द्यायचा नाही, असं गावाच्या मनात होतं. पण शेवटचा शब्द बाचा. तेरवीला बा म्हणेल तसं होणार होतं. तोवर कोलू रोज येऊन आमच्या कुंपणाबाहेर बसायचा. मी एकदा त्याच्या अंगावर खरकटं पाणी भिरकावलं. तो उठला नाही, त्यानं मला आणखीच राग आला.

सुतकात पोथीला हात लावत नाहीत. ती लाल फडक्यात बांधून कोनाड्यात पडली होती. ओव्या बाला तोंडपाठ होत्या, पण समोर ऐकणारे नव्हते आणि सूर लावायचं त्राण नव्हतं. भिंतीला टेकून तो एकाच ओवीपाशी अडकला. देव सगळ्यांच्या हृदयात सारखाच बसलेला आहे, एवढाच तिचा अर्थ.

"शकू," त्यानं मला विचारलं, "सगळ्यांच्या म्हंजे कोणाकोणाच्या?"

"मले काऊन विचारतं? पोथी तू वाचतं."

"वाचली. कधी विचारलं नाई तिले." मग म्हणाला, "लच्छूच्या हृदयात होता. कोलूच्या?"

"त्याच्यात दगड हाय."

पुढले दिवस बानं धड अन्न घेतलं नाही. पुटपुटत राहायचा, स्वतःशीच भांडल्यासारखा. एकदा चिडून म्हणाला, "नाई म्हनलं तं पोथी खोटी. हो म्हनलं तं हा राग घेऊन मी कुठी जाऊ?" मला वाटलं, लच्छूच्या मागे आता हाही जातो.

तेरवीला पंगत बसली. पंच म्हणाले, "दादाजी, कोलूचं काय ते सांग." बा उठला, कुंपणापाशी गेला, कोलूला हाताला धरून आणलं आणि आपल्या शेजारच्या पानावर बसवलं. "गोंडाले आपल्या पंगतीत?" माझी मावशी आशाबाई बोलली. बानं कोलूचं पान सरळ केलं.

मी बाच्या कानाशी वाकले. "तुले शांती भेटली असन, बा. मले नाई भेटली."

"मलेबी नाई भेटली," बा म्हणाला. "भेटल्यावर बोलावतो म्हनलं असतं, तं तो तिथीच बसून मेला असता. वाढ त्याले."

मी वाढलं. माफ केलं म्हणून नाही, बानं सांगितलं म्हणून. कोलू भातात बोटं घालून नुसता बसून राहिला.

"खा, कोलू," बा म्हणाला. "तुह्याशिवाय मले घास उतरत नाई."

कोलूनं पहिला घास तोंडात घातला आणि बा रडायला लागला. लच्छूला जाळून आला तेव्हाही तो रडला नव्हता. आता भरल्या पंगतीत, उष्ट्या हातानं, लहान पोरासारखा रडला. मग त्यानं डोळे पुसले आणि पोटभर जेवला. इतका निवलेला त्याचा चेहरा पारावर पोथी गातानाही मी कधी पाहिला नव्हता. मी भाताचं भांडं घेऊन तशीच उभी होते. मला त्याचा हेवा वाटला.