निघताना विचारू नये

"गाडी उतारावर लावली, पर चाकाला दगड नाय," असं म्हणून अण्णांनी चहाचा कप टेबलावर ठेवला आणि ते उठले.

"अण्णा, बसा ना. त्यांची गाडी आहे, ते बघतील," मी म्हणाले.

"मी कुठं चाललो? हे काय, इथंच."

समोर कोरड्या नदीचं पात्र होतं आणि पलीकडच्या काठावर हत्तींचा कळप उभा होता. केनियातल्या त्सावोची माती लाल आणि हत्तीही लाल. त्या मातीत लोळून लोळून त्यांचा मूळ रंग कुठेतरी आत राहिलेला. बाकीचे पाहुणे दुर्बिणी लावून बसले होते. अण्णा हत्तींकडे पाठ करून दगड शोधत होते.

त्यांना वाकलेलं बघून ड्रायव्हर मुटुआ स्वयंपाकाच्या तंबूतून धावत आला. "म्झे, म्झे!" म्झे म्हणजे तिकडे वडीलधारा माणूस. मुटुआ मोंबासात एका गुजराती शेठकडे बरीच वर्षं होता, त्यामुळे त्याला कामापुरती हिंदी येत होती. त्याने स्वतःच एक दगड आणून चाकामागे सरकवला. अण्णांनी तो पायाने दाबून पाहिला.

"अब ठीक," अण्णा म्हणाले. "गाडी का मुंह बराबर रखा तू. बाहर की तरफ."

"हमेशा बाहर, म्झे. जंगल है. भागना पडे तो?"

"हमारे यहां जंगल नहीं रे, पण पब्लिक है," अण्णा म्हणाले, आणि दोघंही खो खो हसले.

हैदराबादच्या पोलीस ॲक्शनच्या पुढच्या वर्षी अण्णांचा जन्म झाला, करमाडला. जमीन भावांवर सोपवून ते विशीतच औरंगाबादला आले आणि पर्यटकांच्या बसवर ड्रायव्हर म्हणून चढले. आज वेरूळ, उद्या अजिंठा, सीझनला गोवा, हंपी, पार राजस्थानपर्यंत. पर्यटक हॉटेलात झोपत. सगळं सामान उतरवून झालं की बसची डिकी रिकामी व्हायची, अण्णा तिच्यात सतरंजी टाकून झोपत. घरी आले की त्यांच्या खिशातून हॉटेलातल्या छोट्या साबणवड्या निघत. माझं सगळं लहानपण त्या साबणांनी धुतलं गेलं. मोठी वडी आमच्या घरात फार उशिरा आली.

अण्णा निघणार हे आम्हाला एकाच गोष्टीवरून कळायचं. ते विचारायचे, "चपला कुठं हायेत?" मग माय भाकरीचं फडकं हातात द्यायची, ते "बरं" म्हणायचे आणि जायचे. एवढंच. मी पाच-सहा वर्षांची असताना एकदा दारात उभी राहून विचारायला तोंड उघडलं होतं. मायनं पिठाचा हात तसाच माझ्या तोंडावर दाबला. ज्वारीच्या पिठाची ती चव अजून जिभेवर आहे.

"गाडीवर निघालेल्या माणसाला कवा येनार म्हून इचारू नये, बाई. इचारलं की वाट लांबती."

तेव्हापासून मी कधीच विचारलं नाही. पुढे शिकले, कॉलेजात शिकवायला लागले, अशा समजुतींवर व्याख्यानंही दिली. अण्णा निघाले की मात्र तोंड मिटून दारात उभी राहायचे.

आफ्रिकेला का जातेस, असं सगळ्यांनी विचारलं. पुस्तकांत इतकं वाचलंय, एकदा डोळ्यांनी बघायचंय, असं मी सांगत असे. खरं कारण वेगळं होतं. अण्णा आठ दिवस माझ्याजवळून कुठे जाऊ शकणार नाहीत, अशी एक जागा मला हवी होती. मायचे गुडघे धरलेले, ती येणार नव्हती. "जा घेऊन त्यायला," ती म्हणाली होती. "म्या लई पाह्यले जाताना. तू तरी बसलेले पाह्य." या कॅम्पाला कुंपण नाही, म्हणून पाहुण्यांनी एकट्याने बाहेर पडायचं नाही, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. ते वाचून मला बरं वाटलं होतं.

पण अण्णांनी तिथेही वाट काढली. कॅम्पाआधीच्या पहिल्या लॉजवर मोठा हॉल होता, पांढऱ्या चादरींची टेबलं, काचेपलीकडे पाणवठ्यावर रानम्हशी. जेवायच्या वेळी अण्णा गायब. शोधत गेले तर मागच्या बाजूला, ड्रायव्हर लोकांच्या पडवीत, मांडी घालून मक्याचा घट्ट उगाली हाताने खात बसलेले.

"ये, बाई. मायच्या घाट्यावानी लागतं बघ. मीठ तेवढं कमी हाय."

"तुमच्यासाठी तिकडे टेबल लावलंय, अण्णा."

"तिकडं लई चमचे हायेत."

दुसऱ्या लॉजवरही तेच. खोली मिळाली की आधी खिडकी उघडून गाडी दिसते का बघायचं, न्हाणीघरातले साबण पिशवीत टाकायचे, "तुझ्या मायला," आणि मग मुटुआकडे. मी व्हरांड्यात एकटी बसून जिराफ बघत असे.

या कॅम्पात मात्र, त्या दिवशी दुपारी, ते आपणहून आले आणि माझ्या शेजारच्या कापडी खुर्चीत बसले. ऊन आपल्या वैशाखासारखं होतं. सगळे तंबूत निजले होते. मुटुआही गाडीच्या सावलीत आडवा झाला होता.

"अजिंठ्याला मी खाली झाडाखाली बसायचो," अण्णा म्हणाले. "लोक वर जाऊन यायचे. कुनी गप होऊन यायचं, कुनी पाय दुखतेत म्हून चिडून. मी त्यायची तोंडं बघायचो. मुटुआ बी तेच म्हनतो. सिंह काय रोजचाच. सिंह दिसला की मान्सं कशी व्हतेत, ते बघावं."

"आणि घरी आल्यावर काय बघायचात?"

"घरी? घरी झोपाया यायचो." ते हसले. हत्ती एकेक करून झुडपांत शिरत होते. "निघताना बघायचो. तू दारात उभी राहायची. आरशात दिसायची, पार कोपऱ्यापस्तोर. आरसा येक बोट खाली केला की अजून जरा दिसायची. मग मागचा गाडीवाला हॉर्न वाजवायचा."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांच्या खुर्चीच्या दांडीवर हात ठेवला. लहानपणीचा तो प्रश्न ओठांपर्यंत आला होता, पण अण्णा तेव्हा निघालेले नव्हते, माझ्याजवळ बसलेले होते. बसलेल्या माणसाला काय विचारायचं? संध्याकाळ होईपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो. चहा आला, त्यांनी दोन कप घेतले आणि साखर कमी आहे म्हणून कुरकुर केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुटुआला डिझेल भरायला आणि पंक्चर काढायला पार्कच्या फाटकापर्यंत जायचं होतं. मी तंबूत केस विंचरत होते.

"बाई, माझ्या चपला कुठं हायेत?"

विंचू असतात म्हणून चपला आदल्या रात्री मीच उंच टांगून ठेवल्या होत्या. काढून, झटकून दिल्या. त्यांनी खिशात दोन बिस्किटं टाकली.

"बरं," ते म्हणाले.

मी तंबूच्या दारात उभी राहिले. गाडीचं तोंड बाहेरच होतं, वळवावी लागली नाही. मुटुआने दगड काढला. अण्णा त्याच्या शेजारी, डाव्या बाजूला बसले होते. गाडी हलली तसा त्यांचा हात खिडकीतून बाहेर आला आणि त्यांनी तिकडचा आरसा जरासा खाली केला. लाल धुळीत गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच होते.

जेवायच्या आधी गाडी परत आली. फार सावकाश आली. मुटुआने ती लावली आणि खाली उतरलाच नाही. गाडीचं तोंड आमच्या तंबूकडे होतं. त्यावरूनच मला कळलं.

"म्झे बात कर रहा था," तो म्हणाला. "अपने गांव का रास्ता बता रहा था. फिर चुप. मैं समझा सो गया. गाडी धीरे किया, नींद नहीं टूटे."

आरसा त्याने तसाच ठेवला होता.

पुढचे दिवस कागदांचे, शिक्क्यांचे, फोनचे. पेटी मुंबईला उतरली, तिथून गाडीने घरी आली. करमाडची भावकी अंगणात उभी होती. माय दाराशी पाय पसरून बसली होती, ती रडत नव्हती. अण्णांची पिशवी मी तिच्यापुढे ठेवली. तिनं चेन उघडली, कपडे बाजूला केले आणि तळातून साबणवड्या काढल्या. प्रत्येक लॉजचा कागद वेगळा. कुणावर झेब्रा, कुणावर झाड.

"आन्लेच का," माय म्हणाली. एक वडी तिनं नाकाशी धरली आणि मग मुठीत मिटली.

अंघोळ घालून झाली. सगळं झालं. गल्लीच्या तोंडाशी शववाहिका लागली होती. चुलते, बद्रीनाथकाका, म्हणाले, "चला, ऊन व्हतंय." चौघांनी खांदा दिला. बायका दारातच थांबल्या. मीही थांबले, लहानपणी थांबायचे त्याच उंबऱ्यावर. अण्णांच्या चपला अजून माझ्या हातात होत्या, मुटुआने विमानतळावर कागदात गुंडाळून दिलेल्या.

ते कोपऱ्याकडे वळायला लागले.

"अण्णा," मी म्हणाले.

खांदेकरी थबकले. मायचा हात खालून वर आला. साबणाचा वास आला. मला वाटलं, आता तो तोंडावर येणार. पण तो माझ्या पदराशीच थांबला आणि त्यानं पदर घट्ट धरला.

"अण्णा, कवा येनार?"