ठाण्याला जाऊन या

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कंपाउंडर गुरुदत्त सामंत दवाखान्यातून अनवाणीच धावत सुटले आणि डोंबिवली स्टेशनच्या रस्त्यावर नुकतंच औषध घेऊन निघालेल्या महिपतला गाठून त्यांनी त्याच्या हातातली औषधाची बाटली काढून घेतली. बूच उघडून वास घेतला. बाटलीवर चिकटवलेल्या कागदी पट्टीवरच्या डोसाच्या खुणा मोजल्या. आठ. औषध बरोबर होतं, खुणाही बरोबर होत्या.

"आता परत देताय का, कंपाउंडरसाहेब?" महिपत म्हणाला. "पोरगी तापाने फणफणलीय."

ही १९५४ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. महिन्याभरात अशी परत मागवलेली ही चौथी बाटली. गुरुदत्त एकोणीस वर्षं मिक्श्चर बनवत होते. दिवाळीआधी एका बाटलीला त्यांनी भलतीच पट्टी चिकटवली, आणि बाटली औषधांच्या खिडकीबाहेर जायच्या आत ती चूक त्यांच्याच लक्षात आली. कोणाला काही झालं नाही. पण तेव्हापासून त्यांचा स्वतःच्या हातांवरचा भरवसा उडाला. झोप गेली. काहीतरी निमित्त काढून ते पेशंटांच्या घरी डोकवायचे आणि कोनाड्यातली बाटली उचलून हुंगायचे.

ते परत आले तेव्हा डॉक्टर हरिहर काणे दारात उभे होते. "गुरुदत्त, थोडे दिवस ठाण्याला जाऊन या," एवढं म्हणून ते आत गेले. बाकावर नंबराची वाट पाहत बसलेली पेशंट शेवंती पदराआड हसली.

गुरुदत्तांची थोरली बहीण, अक्का, ठाण्यात नौपाड्याला राहते, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. पण ठाण्याला वेड्यांचं इस्पितळही होतं, आणि ठाण्याला पाठवा म्हटलं की कोणाच्या डोळ्यांपुढे बहिणीचं घर येत नसे. गुरुदत्तांनी स्वतः हे वाक्य वापरलं होतं. गेल्या वर्षी काळुराम आपल्या बायकोसाठी औषध मागायला आला होता. लक्ष्मी दिवसभर हात धूत बसते, म्हणाला. डॉक्टर व्हिजिटला गेलेले. "ठाण्याला ने तिला," गुरुदत्त हसत म्हणाले होते. काळुराम त्यानंतर दवाखान्यात फिरकला नाही.

दुपारी घरी गेल्यावर त्यांनी डॉक्टरांचं वाक्य बायकोला जसंच्या तसं सांगितलं. सुमतीबाईंनी पिशवी काढली, दोन सदरे घडी करून ठेवले, आणि त्यांचा हात थांबला.

"अहो, कपडे किती घालू?"

अक्कांकडे जायचं तर दोन जोड पुरले असते. दुसरीकडे किती लागतात, तिथे स्वतःचे घालू देतात की नाही, हे गुरुदत्तांना माहीत नव्हतं. ते न जेवताच उठले आणि दवाखान्यात गेले.

"ठाण्याला म्हणजे नक्की कुठे, डॉक्टर?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बहिणीकडे, विश्रांतीला, ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पण तुम्हाला दुसरंच वाटलं. का वाटलं?"

तेव्हा गुरुदत्तांनी सगळं सांगितलं. छातीत धडधडतं, बाटली बरोबर आहे हे डोळ्यांना दिसतं आणि मनाला पटत नाही. ठाण्याच्या त्या इस्पितळात काणे डॉक्टरांच्या ओळखीचे एक डॉक्टर होते, नुसतं तपासून घरी पाठवणारे. झोप लागते की नाही ते बुधवारी कार्ड टाकून कळवा, लागली नाही तर मी त्यांच्या नावाने चिठ्ठी देतो, असं ठरलं. तोवर औषधांच्या खिडकीवर बसायचं नाही.

"आणि लागली तर?"

"तर या परत. पण कार्डात खोटं लिहू नका. मला पेशंट सांभाळायचेत, आणि त्यांत तुम्हीही आलात."

सोमवारी रात्री अक्कांकडे त्यांना दोन तास झोप लागली. मंगळवारी अजिबात नाही. बुधवारी सकाळी अक्कांनी विचारलं तेव्हा, छान झोपलो, असं ते सांगून बसले.

चार वाजता ते नौपाड्यातल्या पोस्टात उभे होते. कार्डावर पत्ता झाला होता, सा. न. वि. वि. झालं होतं. त्याखाली 'झोप' एवढा एकच शब्द होता; पुढे 'लागली' की 'लागत नाही', ते लिहायचं राहिलं होतं. टपाल साडेचारला निघायचं होतं.

चार वाजून वीस मिनिटांनी कार्ड अजून त्यांच्या हातातच होतं.