पाळण्याखालचा मिक्सर

माझ्या मुलीला झोपायला मिक्सरचा आवाज लागतो. खरा मिक्सर नाही. तो मी एकदा सलग अर्धा तास चालवून जाळला. माझ्या मैत्रिणीने तिच्या आईच्या मिक्सरचा आवाज फोनमध्ये भरून घेतलाय, तो लागतो. मला पाठव म्हटलं की म्हणते, "मग मला कोण विचारणार?"

मैत्रीण प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढते. बुधवारी तिला अर्धी सुट्टी. स्कूटरवरून घाट चढून येते, माझ्या हातातून मुलगी घेते आणि म्हणते, "जा, आंघोळ कर. माणसासारखी दिसशील." मी आंघोळ करते, कधीकधी बाथरूममध्येच पाच मिनिटं उगाच बसून राहते. बाहेर येते तर दुधाच्या बाटल्या उकळून पालथ्या घातलेल्या. याबद्दल मी तिला कधी काही म्हटलेलं नाही. एकदा सुरुवात केली होती, तेव्हा तिने कपाळाला हात लावून मला ताप आहे का पाहिलं.

त्या बुधवारी घाटातल्या तिसऱ्या वळणाशी दरड सुटत होती. सकाळी एका टेम्पोच्या टपावर दगड पडला. माणसाला काही झालं नव्हतं, पण टेम्पोचा फोटो सगळ्यांकडे आला होता.

"आज इथेच राहा," मी म्हटलं.

"उद्या सात वाजता माणसं उपाशीपोटी रांगेत बसलेली असतील. त्यांना काय सांगू, मैत्रीण घाबरट आहे?"

"सांग."

"पोचले की एक रिंग देते. उचलू नकोस, पोरगी उठेल."

हा आमचा जुना नियम. चार वाजता चपला हातात घेऊन ती हळूच गेली. वाट पाऊण तासाची. मी एक तास धरला.

पाच वाजले, रिंग नाही. नवऱ्याला फोन केला. "पोचेल गं," तो म्हणाला. त्याला कुठून कळलं ते मी विचारलं नाही. सव्वापाचला मी तिलाच लावला.

मिक्सर थांबला. पाळण्याखाली फोन वाजायला लागला. मुलगी उठली.

मैत्रीणबाई फोन इथेच विसरून गेल्या होत्या. सव्वा तास मी त्याच फोनच्या घरघरीत बसून तिच्या फोनची वाट बघत होते. रिंग संपल्यावर मिक्सर काही पुन्हा सुरू झाला नाही, आणि फोनचं कुलूप मला उघडता येत नाही.

म्हणजे आता ती दगडाखाली असली तरी मला कळणार नव्हतं, आणि घरी पाय पसरून बसली असली तरी नाही. मुलीला खांद्यावर टाकून मी फेऱ्या मारल्या. तोंडाने मिक्सर करून पाहिला. ती रडायची थांबली आणि माझ्याकडे काळजीने बघत राहिली.

पाच पंचवीसला मैत्रिणीचा फोन वाजला. अनोळखी नंबर. माझा हात पुढे गेला होता, पण एकच रिंग होऊन बंद. नंबर पडद्यावर राहिला होता. तो मी माझ्या फोनवरून लावला.

"पंक्चरवाला बोलतोय."

"आत्ता तुमच्याकडून एका बाईंनी फोन केला का?"

"केला, पण बोलल्या नाहीत. म्हणाल्या, मला फक्त माझाच नंबर पाठ आहे, एक रिंग देते आणि ठेवते. बऱ्या आहेत ना त्या?"

"मीच तुम्हाला ते विचारतेय! तुमचं दुकान दरडीच्या वर की खाली?"

"खाली. तासभर गाड्या अडवल्या होत्या, आत्ता सोडल्या. दरड मागे राहिली त्यांच्या. पुढे सगळा सपाट रस्ता."

मी त्यांचे आभार मानले. पुन्हा मानले. तिसऱ्यांदा मानायला लागले तेव्हा ते म्हणाले, "अहो ताई, मी नुसता फोन दिला."

"बाटल्यासुद्धा उकळल्या," मी म्हणाले.

मग, "राँग नंबर लागलाय बहुतेक," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मुलीला पाळण्यात घालून मी पुन्हा तोंडाने मिक्सर सुरू केला. या वेळी ती चार मिनिटांत झोपली. म्हणजे जमतं.

मैत्रिणीला हे सांगणार नाही.