साहेबाला भेटायची वेळ

पिवळा मासा सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी गेला. सिस्टरनी घड्याळात पाहिलं, टाकीशेजारी दोऱ्याने टांगलेल्या पुठ्ठ्यावरच्या कागदावर वेळ लिहिली आणि मग जाळी घ्यायला वळल्या. आधी वेळ लिहायची आणि मग हळहळायचं, हे चौतीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला कोणी शिकवावं लागत नाही. कागदावरचा हा सहावा होता.

"साहेब, आता तुम्हीच राहिलात," त्या टाकीकडे बघून म्हणाल्या.

साहेब म्हणजे नारिंगी रंगाचा, अंगावर पांढरे पट्टे असलेला, बोटाएवढा मासा. नाव दादाने ठेवलेलं. दादा हा सिस्टरचा थोरला भाऊ, जन्मभर एका कचेरीत टंकलेखक होता. दिवसभर काम काही करायचं नाही आणि कोणी जवळ गेलं की पुढे येऊन नुसती तोंडाची उघडझाप करायची, अशा माशाला दुसरं कुठलं नाव शोभणार, असं त्याचं म्हणणं. दोघंही बिनलग्नाची, एकाच घरात राहिली. सिस्टरना नोकरी होती, दादाला ही खाऱ्या पाण्याची टाकी. कुठून हे लचांड घरात आणलंस, असं सिस्टर त्याला ऐकवायच्या. तो हसायचा, बाही दुमडायचा आणि हात जेमतेम नळाखाली धरून तसाच पाण्यात घालायचा. बारा वर्षांत त्याचे दोनच मासे गेले, तेही म्हातारे होऊन.

मग दादाच गेला. चार महिने अंथरुणाला खिळून होता. त्याचं सगळं सिस्टरनी केलं आणि शेवटी त्यांच्याच हातावर त्याने मान टाकली. त्यानंतरच्या आठ महिन्यांत हे सहा मासे. टाकी तीच, मीठ तेच, खाणं तेच. बदलले होते फक्त हात. हा विचार सिस्टरच्या मनात रोज यायचा आणि रोज त्या तो झटकून कामाला लागायच्या.

कामात त्यांनी कसर ठेवली नव्हती. पाण्याचं तापमान दिवसातून चार वेळा, खारटपणा दोन वेळा, सगळं कागदावर. पहिला मासा गेला तेव्हा त्यांनी खाण्याचा डबा फेकून दिला. दुसरा गेला तेव्हा टाकीवरचा दिवा बदलला. तिसऱ्याच्या वेळी संशय शेजारच्या रंगकामावर गेला आणि आठवडाभर खिडकी बंद राहिली. साथ असेल तर ती पसरू द्यायची नाही, हे तर त्यांच्या अंगवळणीच पडलेलं. जाळी, नळी, काच खरवडायची पट्टी, सगळं औषधाच्या बादलीत बुडवून ठेवायचं. औषध म्हणजे वॉर्डात वापरायच्या तेच गुलाबी जंतुनाशक. फिल्टरमधला दादाचा स्पंज बघून तर त्यांना शिसारीच आली होती. तपकिरी, बुळबुळीत. तो त्यांनी उकळला, औषधात भिजवला आणि कडक उन्हात वाळवला. पुढे दर पंधरा दिवसांनी हेच. जंतूंच्या त्या अगदी हात धुऊन मागे लागल्या होत्या.

पाण्याचा नमुना बाटलीत भरून, वर तारखेची चिठ्ठी डकवून त्या माशांच्या दुकानात न्यायच्या. दुकानदार पन्नाशीचा, जाड भिंगांचा, बोलायला बेताचा माणूस. दादा त्याच्याकडे तासन्‌तास स्टुलावर बसून असायचा. नमुन्यात थेंब टाकून तो रंग बघायचा आणि म्हणायचा, "मीठ बरोबर आहे. अमोनिया जरा वर आहे. थोडं पाणी बदला." सिस्टर पाणी बदलायच्या. त्याआधी बादली औषधाने धुवायच्या.

पिवळा गेला त्या दिवशी त्या बाटली न घेताच दुकानात गेल्या.

"एकच उरलाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही घरी येऊन बघाल का? माझं डोकं चालेनासं झालंय."

"कोण उरलाय? साहेब?"

"साहेब."

दुकानदाराने हातातला चिमटा खाली ठेवला. "दुपारी दुकान बंद असतं. येतो."

तो आला आणि सिस्टरनी दार उघडताच उंबऱ्यावरच थबकला.

"घरात कोणी आजारी आहे का?"

"नाही. मी एकटीच तर असते. का हो?"

"हॉस्पिटलसारखा वास येतोय."

सिस्टरनी मनापासून वास घेऊन पाहिला. त्यांना काहीच आला नाही. "कुठे काय?" त्या म्हणाल्या.

दुकानदार चपला काढून आत आला. "टाकीचं रोज कसं करता ते करून दाखवा," तो म्हणाला. "मी इथे नाहीच असं समजा."

सिस्टरनी बाह्या कोपरावर चढवल्या. गुलाबी औषध तळव्यावर, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, मनगटाला, कोपरापर्यंत. मग नळाखाली हात, बोटं वर, पाणी कोपराकडे. औषधाच्या बादलीतून जाळी काढून त्यांनी झटकली आणि ऑपरेशनला उभं राहायचं असल्यासारखे दोन्ही हात छातीशी धरून त्या टाकीकडे निघाल्या.

"थांबा सिस्टर. हात घालू नका."

त्या होत्या तिथे उभ्या राहिल्या.

"दादांच्या स्पंजात जे बुळबुळीत होतं ना, तेच पाणी साफ ठेवत होतं," तो सावकाश म्हणाला. "तेही जंतूच, पण माशांची घाण खाणारे. ते तुम्ही मारत गेलात. वर स्पंजात, जाळीत हे औषध मुरलंय. ते थोडंथोडं पाण्यात उतरतंय. माझ्या थेंबांना ते दिसत नाही."

"म्हणजे माझ्याच हाताने."

दुकानदाराला खोटं बोलता येत नव्हतं. "हो," तो म्हणाला. "पण तुम्ही चांगल्यासाठीच केलंत. माणसांचं वेगळं असतं, सिस्टर."

"माणसांचं मला कळतं," सिस्टर तुटकपणे म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. तेवढंच तर त्यांना कळत होतं. आणि घरात आता माणूसच नव्हतं.

साहेबाला पाण्याच्या पिशवीत घालून दुकानात न्यायचं ठरलं. सिस्टरनी पेशंट दुसऱ्या वॉर्डात पाठवताना सांगावं तसं सगळं सांगितलं. खाणं सकाळी आठला. पोट जरा नाजूक. काचेवर दोनदा टिचकी मारली की पुढे येतो, दादाची सवय. टांगलेला कागदही त्यांनी दुकानदाराच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या टाकीतला एक मळका स्पंज आणून फिल्टरमध्ये बसवला. सहा आठवडे टाकीत हात नाही, घरात औषध नाही, असं बजावून गेला. सिस्टर रोज संध्याकाळी टाकीचा दिवा लावायच्या आणि समोर बसायच्या. नुसतं पाणी फिरताना दिसायचं. घरात आवाज तेवढा फिल्टरचा.

सहा आठवड्यांनी त्या दुकानात गेल्या. साहेब चांगला अंगाने भरला होता. सिस्टरनी काचेवर दोनदा टिचकी मारली, तसा तो ऐटीत पुढे आला आणि तोंडाची उघडझाप करू लागला. सिस्टरना भडभडून आलं. दादा गेल्यावर त्या रडल्या नव्हत्या. तेव्हा सगळ्यांना फोन करायचे होते, कागदपत्रं करायची होती.

त्यांनी बरोबर आणलेल्या बाटलीतलं पाणी दुकानदाराने तपासलं. "टाकी तयार आहे," तो म्हणाला. "नेताय ना साहेबांना?"

सिस्टरनी पिशवी बाजूला ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले, तळवे वर.

"आधी हे बघा. मला तर वास येत नाही."

दुकानदार अवघडला. मग त्याने त्यांचे हात आपल्या हातांत घेतले आणि वाकून हुंगले. आपले हात असे कोणी धरल्याला किती वर्षं झाली, सिस्टरना आठवेना. नाडी बघायला त्यांनीच इतरांचे धरलेले.

"येतोय?"

"थोडा," तो म्हणाला.

"फरशीला नाही हं वापरत आता. फक्त दाराच्या कडीला, बाहेरून आल्यावर." त्या थांबल्या. "आणि कधीकधी हातांना. राहवत नाही."

"सुटेल हळूहळू."

"नाही सुटायचं. मी ओळखते ना मला." त्यांनी हात मागे घेतले. "त्याला इथेच राहू दे. भेटायची वेळ काय तुमची?"

दुकानदाराला वाटलं, थट्टा करतायत. पण सिस्टर उत्तराची वाट बघत होत्या.

"दुकान उघडं असेल तेव्हा या की."

"तसं नको. वेळ ठरलेली बरी. चार ते सहा."

त्याने दादाचं स्टूल टाकीसमोर सरकवलं. सिस्टर मांडीवर हात ठेवून बसल्या. वॉर्डात सहाची घंटा त्याच वाजवायच्या. "चला, वेळ संपली" म्हणत नातेवाइकांना बाहेर काढायच्या, कोणी पाच मिनिटं जास्त मागितली तरी द्यायच्या नाहीत. इथे घंटा नव्हती. सहाला त्या आपण होऊन उठल्या, काचेला हात न लावता साहेबाला "येते" म्हणाल्या आणि स्टूल उचलून जागेवर ठेवलं.