माझ्या पुस्तकांतला बाप

माझी तीन प्रवासवर्णनं प्रसिद्ध झालीत, तिन्ही नद्यांची. प्रत्येकात एक वाक्य आहेच: मी दोन वर्षांचा असताना माझे वडील कैलास वडिवळ्याच्या धरणात बुडाले. आई, रतन, मला घेऊन तळेगावला आली, शाळेत नोकरीला लागली. मला वडिवळ्याला, आमच्या गावी, तिनं कधी नेलं नाही. चौथं पुस्तक मात्र मला त्याच पाण्यापासून सुरू करायचं होतं. कोणाचा कोण आहे मी, हे तिथंच कळेल असं वाटायचं. म्हणून भाताची झोडणी चालू असताना, आईला न सांगता, मी वडिवळ्यात पोचलो.

खळ्यावर एक म्हातारे भात झोडत होते. त्यांना विचारलं, "आबा, कैलासचं घर कुठलं? धरणात बुडालेल्या कैलासचं."

"बुडाला?" ते हसायलाच लागले. "आरं, आत्ता माझ्यासंगं चा पिऊन गेलाय. त्यो काय, पेंढा रचतोय."

गंजीवरून एक माणूस खाली उतरला. माझंच कपाळ, माझेच कान. त्याच्या हातातली पेंढी गळून पडली.

"अमृत?"

मी मान हलवली.

"तुजी तिन्ही पुस्तकं हायेत माज्याकडं," तो म्हणाला. "तिन्हींत मी मेलोय."

"मग एकदाही आला का नाहीत?" मी ओरडलो.

"कुटल्या तोंडानं येऊ? लय प्यायचो तवा. तुला धरणावर नेलं आन् नशेत तितंच इसरून आलो. तू पाण्यात गेलतास. लोकांनी वडून काडलं. तुजी आई म्हनली, पोराला सांगीन बाप बुडाला. मी व्हय म्हनलो."

बुडाला होता तो मी.

फोन स्पीकरवर टाकून मी आईला लावला. "आई, मी वडिवळ्यात आहे. ते समोर उभे आहेत."

तिनं विचारलं, "पितो का अजून?"

मी फोन त्याच्यापुढे धरला.

"न्हाई गं," तो म्हणाला. "कवाच सोडली."

तिकडून फोन बंद झाला.

त्यानं जेवायला थांब म्हटलं. मी थांबलो नाही. कामशेत स्टेशनच्या रस्त्याला लागलो तेव्हा तो मागून बांधापर्यंत आला. निरोप घ्यावा म्हणून मी वळलो, तोंड उघडलं, आणि त्याला काय हाक मारायची तेच मला कळेना.