उष्ण गोळी

बारामतीच्या डॉक्टरांनी स्वरालीचा गुडघा हलकेच खाली दाबला. तो टेबलाला टेकला नाही. हात आरपार जाईल एवढी फट राहिली.

“आता रडत न्हाय,” बानूबाई आजी अभिमानाने म्हणाली. “उन्हाळ्यापास्नं एकदा सुदीक न्हाय.”

“दुखण्याचं औषध चालू होतं ना, म्हणून. सांधा आतून झिजतच होता.” डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. “आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी कुणी बंद केली?”

आठ वर्षांच्या पोरीला संधिवात, हे त्यांच्या सणसर गावात कुणालाच पटलं नव्हतं. औषधं मात्र सगळ्यांनी सुचवली होती. सत्त्याण्णवच्या चैत्रात त्या गोळीने तोंडात फोड आले, तेव्हा बानूबाईने निकाल दिला: गोळी उष्ण. उन्हाळाभर द्यायची नाही. गोळ्या फळीवर गेल्या, पोरगी सब्जा-गुलकंदावर आली. फोड गेले, आजीचा वट वाढला. पावसाळ्यात पोरगी बरी दिसत होती, म्हणून गोळ्या फळीवरच राहिल्या. मग ऑक्टोबर आला, तोही गरमच.

“मी बंद केली,” स्वरालीची आई विजयमाला म्हणाली.

बानूबाईने सुनेकडे पाहिलं.

“शिकलेल्या दिसता तुम्ही! फोड येऊ नयेत म्हणून दुसरी गोळी देता येते. विचारायचं तरी!”

“चुकलं.”

एरवी डॉक्टरलाही बोलू न देणारी बानूबाई पदराचं टोक चाचपत राहिली.

“पाय सरळ व्हईल का?” विजयमालाने विचारलं.

“झिजलं ते भरून येणं अवघड. उरलंय ते गोळीनं टिकेल. आता खंड नको.”

परतताना इंदापूरच्या एसटीत स्वराली आजीच्या मांडीवर पाय टाकून झोपली. विजयमालाने खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले. रोज पहाटे पोरीचे सांधे शेकून शेकून तिचेही खांदे धरले होते.

“काय झालंय वं पोरीला?” शेजारच्या बाकावरच्या बाईने विचारलं. एसटीत हा प्रश्न तिकिटाबरोबरच मिळतो.

“सांधं धरल्यात,” बानूबाई म्हणाली.

“औषिध न्हाय केलं?”

“व्हतं की. आजीनं बंद केलं.”

“अगं बया! आन् आईनं ऐकलं?”

“आईला घरात कोण इचारतंय?”

“म्हातारीला चांगली झापायची की मग!”

“डॉक्टर झापणारच हुता,” बानूबाई म्हणाली. “सून आडवी आली.”

विजयमालाने डोळे उघडले नाहीत.